चिठ्ठी दारात जाऊन द्यायची

बाळासो लोंढे आमच्या मंडळीचा वडील आहे. वडील म्हणजे वयानं मोठा असं नाही. चर्चची जबाबदारी ज्याच्यावर टाकतात त्याला आम्ही ख्रिस्ती लोक वडील म्हणतो. पाळक येतात, तीन-चार वर्षांनी बदली होऊन जातात. वडील तिथंच राहतो. बाळासोवर ही जबाबदारी आली तेव्हा तो अडतीसचा होता, आज छप्पन्नचा आहे. मधल्या काळात तो चांगला वडील झाला, असं मंडळीत सगळे म्हणतात. ते खरं आहे. पण तो कसा झाला आणि कोणाच्या जिवावर झाला, हे कोणी बोलत नाही. मला माहीत आहे, कारण मी त्याच्याबरोबर चालत होतो.

मी मिरजेला रेल्वेत कीमॅन होतो. आपल्या वाटणीचे रूळ रोज पायी चालायचे आणि रुळाला धरून ठेवणारी लोखंडी चावी कुठं सैल झाली असेल तर ती हातोड्यानं ठोकून बसवायची, एवढंच काम. चौतीस वर्षं केलं. एखाद्या दिवशी न जाता वहीवर सही केली तर कोणाला कळत नाही. गाडी जाते. दुसऱ्या दिवशीही जाते. एवढं मी त्या नोकरीत शिकलो.

आमची मंडळी लहान आहे, एकसष्ट घरांची. काही रेल्वे वसाहतीत, काही सतार करणाऱ्यांच्या गल्लीमागं, काही पार मालगावच्या रस्त्याला. वर्षातून चार वेळा आमच्याकडं प्रभुभोजन असतं, भाकर आणि द्राक्षरस. त्याच्या आधीच्या आठवड्यात वडिलानं प्रत्येक घरी जाऊन घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला चिठ्ठी द्यायची. बोटभर लांबीचा पुठ्ठा, वर नाव आणि वडिलाची सही. रविवारी ती दारातल्या ताटात टाकायची आणि मगच भाकर घ्यायची. ज्याचा कोणाशी अबोला आहे त्यानं आधी तो मिटवायचा, मग चिठ्ठी घ्यायची. बाकी ठिकाणी ही चाल कधीच मोडली. आमच्याकडं हरिबा मास्तरांनी ती धरून ठेवली.

हरिबा मास्तर बाळासोच्या आधीचे वडील. शाळामास्तर होते, धोतर नेसत, कमी बोलत. चिठ्ठ्या वाटायला पायीच जायचं, दोघांनी जायचं आणि दारात गेल्यावर आधी पाणी मागायचं, असा त्यांचा नियम होता. पाण्याचं कारण आम्हाला माहीत होतं. आमची मंडळी दोन वस्त्यांतून आलेली. बापजाद्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी एका वस्तीचा माणूस दुसऱ्या वस्तीतल्या घरचं पाणी पीत नव्हता. रविवारी एका टेबलाची भाकर खायची आणि सोमवारी तांब्याला हात लावायचा नाही. मास्तर प्रत्येक घरी पाणी मागत. कोणी चहा पुढं केला तर म्हणत, “चहा उकळतो, त्यात सगळं चालून जातं. पाणी दे.”

पाणी पिऊन झालं की एकच प्रश्न विचारायचे. “ह्या घरात कोण कुणाशी बोलत न्हाई?” मग गप्प बसायचे. कोणी बोलेपर्यंत बसायचे. एका घरी सव्वा तास बसलेलं मी पाहिलंय.

मास्तरांना साखरेचा आजार झाला आणि पायाला जखम झाली. चालणं संपलं. बाळासो तेव्हा मिरजेतल्या एका दवाखान्यात ड्रेसर होता, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. रोज संध्याकाळी तो मास्तरांच्या घरी जाऊन पाय बांधायचा. त्या ओळखीतून मास्तरांनी त्याचं नाव मंडळीपुढं ठेवलं. जोडीला मला दिलं. मला म्हणाले, “नाथाजी, तुला चालायची सवय हाय. त्याला बोलायची हाय. बरोबर जा.”

सवय कसली, रोगच होता. पहिल्या खेपेला बाळासोनं प्रत्येक घरी उपदेश केला. पाणी मागायचा, प्रश्न विचारायचा आणि कोणी तोंड उघडायच्या आत वचनं सांगायला लागायचा. हरणाबाईच्या घरी तो अर्धा तास बोलला. तिकडं चुलीवर दूध उतू गेलं. तिला उठता येईना, कारण प्रार्थना चालू होती.

‘आमेन’ झाल्यावर हरणाबाई म्हणाली, “वडील, तुमी इचारलंत कोण कुणाशी बोलत न्हाई. आवं, आमाला बोलू द्याल तवा कळंल की.”

तिचा नवरा कोपऱ्यातून म्हणाला, “हिला नगा बोलू देऊ. हिच्या बोलण्यानंच भांडणं हायत. गप ऱ्हायली तर अबोला न्हवं, सुख म्हणायचं.”

“बगा,” हरणाबाई म्हणाली, “आता मिळालं का तुमाला उत्तर? आन् माझं दूध कुणी भरून द्यायचं?”

संध्याकाळी पाय बांधताना बाळासो मास्तरांना सगळं सांगायचा. ते त्याच्याकडून घराघराचा हिशोब घ्यायचे. कोण काय म्हणालं, कोण उठून गेलं, कोणी डोळ्याला डोळा दिला नाही. बाळासोला निम्मं आठवायचं नाही. त्या दिवशी मास्तरांनी विचारलं, “माझ्या पायाला रोज बघतोस. त्याला उपदेश करतोस का रं?”

“न्हाई मास्तर.”

“मग काय करतोस?”

“पट्टी सोडतो. बगतो.”

“मग माणसाला कशाला उपदेश?”

बाळासोनं पट्टीची गाठ मारली. पुढच्या खेपेला मात्र तो गप्प बसला. ते त्याला फार जड गेलं. गुडघ्यावर हात ठेवून, दात दाबून बसायचा. मी बाजूला बसून बघत होतो. मी रुळावर घाम गाळलाय, पण त्या माणसाला गप्प बसायला जे कष्ट पडले ते मला दिसले. दीड वर्षानं मास्तर गेले. तोवर तो शिकला होता. लोक सांगायला लागले. सासू-सून, भाऊ-भाऊ, एका घरी तर बाप-लेक सहा वर्षांनी बोलले. आमच्या मंडळीतल्या शमुवेलचा बाप दवाखान्यात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा बाळासो अकरा दिवस ड्यूटी संपल्यावर त्याच्या उशाशी बसला. तेव्हापासून शमुवेल दुसऱ्या कोणाचं ऐकत नसे, बाळासोचं ऐकायचा. हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

अशी चौदा वर्षं आम्ही चाललो. वर्षातून चार वेळा, एकसष्ट घरं.

मग करोना आला. चर्च बंद, दारं बंद. बाळासोनं मोबाईलवर ग्रुप केला. प्रभुभोजनाच्या आठवड्यात एक निरोप टाकायचा: ‘आपल्या घरात कोणाचा कोणाशी अबोला असल्यास कळवावे. नसल्यास अंगठा पाठवावा.’ अंगठ्याचं चित्र आलं की त्या घरच्या चिठ्ठ्या तो लिहून ठेवायचा. तेव्हा दुसरं काही करता येत नव्हतं. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

दारं उघडली तरी निरोप चालू राहिला. सोपं होतं. पूर्वी सोमवार ते शनिवार मोडायचे, आता एका संध्याकाळी एकसष्ट अंगठे यायचे. चिठ्ठ्या घरवार रबर लावून चर्चच्या टेबलावर ठेवायच्या, ज्यानं त्यानं उचलायच्या. मी पण काही बोललो नाही. माझे गुडघे दुखत होते. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. दुखऱ्या गुडघ्यानंही तीस घरं झाली असती.

त्याच सुमारास बाळासोचं नाव बाहेर झालं. साताऱ्याला सगळ्या मंडळ्यांच्या पुढाऱ्यांचं शिबिर ठरलं, एप्रिलच्या प्रभुभोजनाच्या आधीचे शुक्रवार-शनिवार. विषय होता, ‘नात्यांतून घडणारा पुढारी’. बोलायला बाळासो. घरभेटीबद्दल सांगायचं होतं.

तो मला म्हणाला, “दादा, तुमीबी चला. दोघांनी जायचं असतं हे लोकांना दिसू द्या.”

मी गेलो. रेल्वेचा पास आहे, गाडीत बसलो. कोरेगाव गेलं, सातारा आला. एका हॉलमध्ये शंभरेक माणसं. बाळासो चांगला बोलला. मास्तरांचं पाणी सांगितलं, पट्टी सोडून बघायचं सांगितलं, हरणाबाईचं दूध सांगितलं, लोक हसले. मला उभं केलं. टाळ्या पडल्या. एका तरुण पाळकानं विचारलं, “वडील, सध्याही तुम्ही पायीच जाता का?”

बाळासो म्हणाला, “सध्या थोडा बदल केलाय. पण गाभा तोच हाय.”

शाल दिली. मला पण दिली. मी ती घेतली.

आता दगडाबाईचं सांगतो. शमुवेलची आई. दवाखान्यात आया होती. वय अडुसष्ट, लिहिता-वाचता येत नाही, फोन नाही. तिची मुलगी संयोगिता हिनं इस्लामपूरकडच्या उसाच्या रानवाल्या हिंदू घरात लग्न केलं. शमुवेलनं बहिणीला दार बंद केलं. आईनं लपून दोन-तीनदा भेट घेतली, ते त्याला कळलं, मग त्यानं आईशी बोलणं टाकलं. एका घरात आठ महिने अबोला. शमुवेलची बायको पल्लवी मधे निरोप पोचवायची. “आईला सांग जेवाय बस.” “त्याला सांग भूक न्हाई.”

संयोगिताला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आईनं करायचं असतं. दगडाबाईच्या मनात लेकीला आणायचं होतं, आणि शमुवेलला ते सांगू शकेल असा एकच माणूस होता. बाळासो. पण त्याच्या दारात जाऊन ती कधी सांगणार नव्हती. घरातली गोष्ट बाहेर नेली असं झालं असतं. वडील घरी येतो, पाणी मागतो, प्रश्न विचारतो, तेव्हा सांगायचं. चौदा वर्षं तसंच चाललं होतं. तिला वाटलं, रोगाची भीती गेली, आता येतील. संयोगिताची तारीख महिनाअखेरची होती.

हे सगळं पल्लवीनं नंतर सांगितलं. सासूला ती आत्या म्हणते. म्हणाली, “सोमवारपासनं आत्या रोज दारापुढं झाडायच्या. सारवायचं न्हाई, फरशी हाय, तरी पुसून घ्यायच्या. स्टीलचे दोन पेले घासून पालथे ठेवलेले. एक वडिलांना, एक तुमाला. मी म्हटलं, आत्या, आता मेसेज येतो. त्या म्हणाल्या, मेसेज पाणी पितो व्हय?”

निरोप शमुवेलच्या फोनवर गेला. त्यानं अंगठा पाठवला. दगडाबाई शुक्रवारी वाट बघत होती तेव्हा आम्ही साताऱ्यात टाळ्या घेत होतो.

रविवारी ती मागच्या बाकावर बसली. चिठ्ठी टेबलावर तशीच होती, तिनं उचलली नाही. भाकरीचं ताट तिच्यापुढून गेलं. तिनं हात पदरात ठेवला. ते बाळासोनं बघितलं. मी पण बघितलं. उपासना सुटल्यावर ती दाराशी थांबली. बाळासोभोवती माणसं होती, साताऱ्याचे फोटो बघत होती. तो तिच्याजवळून जाताना म्हणाला, “मावशी, बरं हाय न्हवं?”

ती म्हणाली, “हाय.”

तो पुढं गेला. दोन पावलं मागं होतो, मीही गेलो.

मंगळवारी संयोगिताला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. बाळंतपण इस्लामपूरलाच झालं, सासरच्यांनी केलं. आई जवळ नव्हती. दगडाबाईला गुरुवारी कळलं, ती एसटीनं गेली. लेक तिला म्हणाली, “आता कशाला आलीस?” संध्याकाळी मिरजेला परत आली तर शमुवेलनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आठ महिन्यांनी. “तिकडंच ऱ्हा.” ती एक पिशवी घेऊन परत इस्लामपूरला गेली.

आम्हाला हे पंधरा दिवसांनी कळलं, हरणाबाईकडून. बाळासो त्याच संध्याकाळी शमुवेलकडं गेला. मी बरोबर होतो. तो दारात उभा राहून म्हणाला, “शमुवेल, तू मला सांगायचं हुतंस.”

शमुवेल म्हणाला, “काय सांगायचं? तुमी इचारलं, मी अंगठा दिला.”

“घरात अबोला असताना?”

“तुमी फोनला इचारलं. फोन माझा हाय. घरात किती माणसं हायत ते तुमी इचारलं न्हाई.” मग जरा थांबून म्हणाला, “माझा बाप मेला तवा तुमी अकरा दिवस आलात. ह्या वक्ताला एक दिवस आला असता तर मी ऐकलं असतं. आता न्हाई ऐकत.”

त्यानं दार लावलं नाही. आत गेला, एवढंच. पल्लवीनं पाणी आणलं. बाळासोनं पेला हातात घेतला आणि तसाच परत दिला.

त्यानंतर त्यानं ग्रुपवरचा निरोप बंद केला. शिबिरांना नाही म्हटलं. जुलैपासून आम्ही पुन्हा पायी निघालो. माझ्यामुळं वेळ जास्त लागतो, म्हणून आता आधीच्या आठवड्यापासूनच सुरू करतो. लोक पाणी देतात. प्रश्न विचारला की म्हणतात, “सगळं ठीक हाय वडील.” तो बसून राहतो. ते पण बसून राहतात. दोन वर्षांत चार घरांनी तोंड उघडलं. पूर्वी एका आठवड्यात तेवढी उघडायची. सैल झालेली चावी ठोकून बसते. पडून हरवली तर ठोकायला काही नसतं.

पहिल्याच खेपेला आम्ही इस्लामपूरलाही गेलो. दगडाबाई एका खानावळीत चपात्या लाटते. मागच्या गल्लीत एक खोली घेतली आहे. नात अंगणवाडीच्या वयाची होईल तेव्हा रोज दिसेल, आत्ता आठवड्यातून एकदा दाखवतात, असं म्हणाली. बाळासोनं पाणी मागितलं. तिनं दोघांना दिलं. त्यानं विचारलं, “ह्या घरात कोण कुणाशी बोलत न्हाई?”

“घर कुठं हाय वडील? खोली हाय. मी एकटी. भिंतीशी भांडू?”

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली आणि पुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

“ज्याचं कुणाशी भांडण न्हाई त्यानं घ्यायची न्हवं ही?” ती म्हणाली. “माझं हाय.”

“शमुवेलशी? मी पुन्हा बोलतो त्याच्याशी.”

“शमुवेल माझा ल्योक हाय. त्याचं आन् माझं आमी बघू. माझं भांडण तुमच्याशी हाय.”

बाळासोनं चिठ्ठी परत खिशात ठेवली. मी विचारलं, “दगडाबाई, माझ्याशीबी हाय का?”

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. “तुमी कोण? तुमी बरूबर चालणारं.”

नियम दोन्ही बाजूंना लागतो. ज्याच्याशी कोणाचं भांडण आहे त्यानंही आधी ते मिटवायचं. बाळासो तेव्हापासून भाकर घेत नाही. दर खेपेला तो सगळ्यांच्या चिठ्ठ्या लिहितो, स्वतःची पण लिहितो. भाकरीचं ताट सगळ्यांपुढं फिरवतो आणि आपल्यापुढून तसंच नेतो. लोकांनी ते बघितलं. म्हणायला लागले, किती नम्र माणूस आहे. गेल्या वर्षी एका पाळकानं तर व्यासपीठावरून सांगितलं. बाळासोनं उपासना संपल्यावर त्यांना खरं कारण सांगितलं. पाळक म्हणाले, “ही तर आणखी मोठी साक्ष आहे, वडील. पुढच्या शिबिरात सांगा.” बाळासो तिथून उठून गेला.

मला चिठ्ठी मिळते. मी ती ताटात टाकतो, भाकर खातो. नियमात बसतं. चव लागत नाही.

इस्लामपूरला आतापर्यंत दहा वेळा गेलो. दर वेळी पाणी मिळतं, चिठ्ठी परत येते. त्यानं माफी मागितली आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. ती ऐकून घेते. मधे शमुवेल आईला परत बोलवायला तयार झाला, पण बहिणीचं नाव काढायचं नाही म्हणाला. दगडाबाई म्हणाली, मग तुझं घर तुला लखलाभ.

दहाव्या खेपेला, गेल्या महिन्यात, नात खोलीत होती. अडीच वर्षांची. तिनं पेला दोन्ही हातांनी धरून बाळासोला आणून दिला, निम्मं पाणी सांडलं. त्यानं उरलेलं प्यायलं. प्रश्न विचारला. चिठ्ठी पुढं धरली. दगडाबाई लाटणं पुसत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, “वडील, एक सांगा. तुमी येता ते माझ्यासाठी, का भाकरीसाठी?”

चिठ्ठी त्याच्या हातात तशीच राहिली. तिनं वाट बघितली, मास्तर बघायचे तशी. मग उठली आणि पोरीला घेऊन बाहेर गेली.

एसटीत तो खिडकीशी बसला. आष्टा गेलं, सांगली गेली. मिरजेच्या स्टँडवर उतरल्यावर, मी गुडघा चोळत उभा होतो तेव्हा, तो म्हणाला, “दोन्हीसाठी, दादा.”

“मला कशाला सांगतोस?” मी म्हणालो. “तिनं इचारलं हुतं.”

त्यानं इस्लामपूरची एसटी लागते तिकडं एकदा बघितलं. मग घरी गेला.